त्याला काय सुटतं?

रात्री साडेदहाला कराडहून मामांचा फोन आला की दोनच शक्यता असतात: कुणीतरी गेलं, नाहीतर कसला तरी फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे. त्या रात्री दुसरी होती. मामेबहिणीचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म सगळा भरून झाला होता आणि गाडं फोटोपाशी अडलं होतं. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, आणि मोबाइलवर काढलेला फोटो चार एमबीचा. पोरीने तोवर वेबसाइटमागून वेबसाइट पालथी घातली होती. एकीने फोटो लहान करून दिला, पण त्यावर आडवं स्वतःचं नाव छापलं. दुसरीने काम झाल्यावर कार्डाचा नंबर मागितला. तिसरीवर ‘डाउनलोड’ लिहिलेली चार हिरवी बटणं होती आणि चारही जाहिरातींची. मागून मामींचा आवाज येत होता, “असू दे गं, सकाळी कॅफेत जाऊ.” पण मुदत रात्री बाराची. मी एनीडेस्कवरून त्यांचा कॉम्प्युटर माझ्याकडे उघडला, इर्फानव्ह्यू हा फोटोचा प्रोग्रॅम आणि त्याचे प्लगइन, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्रॅम, टाकले, फोटो चौकटीत कापला आणि सेव्ह करताना फाइल किती केबीत बसवायची त्या खणात ४५ लिहिलं. फॉर्मने फोटो निमूट घेतला. सहीला एकदा नाक मुरडलं, मग तीही घेतली.

“किती झाले गं?” मामांनी विचारलं.

“कशाचे?”

“ह्या सॉफ्टवेअरचे. गूगल पे करतो.”

“काही नाही मामा, फुकट आहे.”

“फुकट? मग त्याला काय सुटतं ह्यात?”

सकाळी सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला. झोप मात्र लगेच लागेना. घरातली कॉम्प्युटरवाली म्हणून मला नातेवाइकांनी कधीच नेमून टाकलंय. लग्नकार्यात पंगत उठायच्या आत कुणीतरी हळूच बाजूला घेऊन ‘माझा लॅपटॉप फार स्लो झालाय’ म्हणून सुरू करतं. मी दोन-तीन सॉफ्टवेअरची नावं सांगते, ते मान डोलावतात, कधी टाकतात, कधी नाही. पण ज्याने हे केलं त्याचं पोट कशावर चालतं, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मामांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दहा पोत्यांवर एक बॅटरी फुकट अशी स्कीम घेऊन कंपनीचा माणूस आला की ते आधी पोत्याचा भाव जुन्या बिलाशी ताडून बघतात, कारण बॅटरीचे पैसे कुठेतरी लावलेले असणारच हे त्यांना पक्कं ठाऊक. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला फुकट म्हटलं की आनंद होत नाही, तो सावध होतो. मला वाटलं, हा सावधपणा घरातल्या बाकी सगळ्यांत का नाही?

इर्फानव्ह्यूपुरतं उत्तर सोपं होतं. इर्फान श्किल्यान हा मूळचा बोस्नियातल्या यायत्से गावचा, व्हिएन्नात शिकायला गेलेला. १९९६ मध्ये त्याने फोटो बघायचा हा प्रोग्रॅम लिहिला आणि तेव्हापासून तोच एकटा तो सांभाळतोय. घरी वापरणाऱ्याला फुकट, कंपन्यांनी वापरला तर पैसे द्यायचे. म्हणजे त्याला सुटतं, पण ते मामांकडून नाही, ऑफिसांकडून. चिन्ह बघाल तर एक लाल मांजर आहे, गाडीखाली येऊन चपटं झालेलं. कुठल्याही मार्केटिंगवाल्याने ते पहिल्या दिवशी बदलायला लावलं असतं. दिसायलाही हा प्रोग्रॅम पार जुनाट, विंडोज ९८ च्या काळातला वाटावा असा. पण फोटोवर डबल क्लिक केलं की बोट उचलायच्या आत तो समोर असतो, आणि दोनशे फोटोंची नावं एकदम बदलायची किंवा सगळ्यांचा आकार एकदम कमी करायचा तर बी हे एकच अक्षर दाबायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांना पाठवणाऱ्या बाईंना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी मला जे बघितलं, तसं मला कुणी पगारवाढीच्या दिवशीही बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांना हे सांगितलं. “बरं,” म्हणाले, “म्हणजे एकटा माणूस आहे.” हा त्यांच्याकडून मोठा शेरा होता. एकट्याने दुकान चालवणाऱ्याबद्दल त्यांना आदर असतो.

गंमत अशी, की त्याच कॉम्प्युटरवर मला आदल्या रात्री आणखी एक गोष्ट दिसली होती आणि तिच्याबद्दल मामांनी कधीच काही विचारलं नव्हतं. उजव्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ अशी पुसट अक्षरं, आणि डी ड्राइव्हमध्ये ‘ऑफिस क्रॅक’, म्हणजे लायसन्सचं कुलूप फोडलेलं ऑफिस, अशा नावाचा फोल्डर. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या पोराने तीनशे रुपयांत ‘सगळं टाकून’ दिलं होतं. आपल्याकडे ह्याची मोठी परंपरा आहे. लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात तपकीर गल्लीतून आलेल्या त्या सीडी ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको: पातळ प्लास्टिकची पिशवी, झेरॉक्स काढलेलं कव्हर, एका सीडीत लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर. लायसन्सचा खोटा नंबर तयार करून देणारा तो छोटा प्रोग्रॅम उघडला की व्हिडिओगेमसारखी धून वाजायची आणि सगळी आळी जागी व्हायची. मामांच्या फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल होती, त्यात पहिलीच सूचना: आधी अँटीव्हायरस बंद करा. कुलूप काढा, कुत्रा बांधा, मग आम्ही येतो, असं पाहुण्याने सांगावं आणि आपण ‘या या’ म्हणावं. इर्फानला काय सुटतं ह्याची चौकशी करणाऱ्या माझ्या मामांना, हे कुलूप फोडून जगाला वाटणाऱ्या अनोळखी माणसाला काय सुटत असेल, हे विचारावंसं वाटलं नव्हतं. कारण त्यांच्या लेखी ते फुकट नव्हतंच. तीनशे रुपये दिले होते की.

हा हिशेब फक्त त्यांचाच आहे असं नाही. महाग वस्तू चोरून वापरण्यात आपल्याला काहीतरी मिळाल्याचं समाधान असतं. राजरोस फुकट मिळालेली वस्तू मात्र दुय्यम वाटते. माझ्या ऑफिसातला एक हुशार मुलगा फोटो कापण्यापुरतं आणि त्यावर नाव टाकण्यापुरतं चोरीचं फोटोशॉप वापरतो. दर काही महिन्यांनी ते रुसतं, मग हा अर्धा रविवार नवीन क्रॅक शोधण्यात घालवतो. फोटोशॉपसारखंच काम करणारं, राजरोस फुकट असलेलं गिंप का नाही टाकत म्हटलं तर म्हणतो, ते प्रोफेशनल नाही. गिंपबद्दल माझीही तक्रार आहे, त्याची मांडणी सरळ नाही, साधा गोल काढायचा तर आधी निवड करा, मग तिला कड द्या. पण नाव टाकायला प्रोफेशनल कशाला लागतं?

मामांच्या प्रश्नाची मला मग सवयच लागली. एखाद्याला काही सुचवायच्या आधी मी स्वतःला तो विचारून घ्यायला लागले, आणि त्यातून माझी यादी बरीच बदलली. व्हिडिओ बघायच्या व्हीएलसीचंच घ्या. तो प्रत्येकाकडे असतो, त्याबद्दल कुणी विचारही करत नाही, घरातला पाट असावा तसा. १९९६ च्या सुमाराला पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, एकोल सांत्राल पारीमध्ये, मुलांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवं होतं, मुख्यतः गेम खेळायला. त्यासाठी सबळ कारण हवं म्हणून नेटवर्कवरून टीव्ही दाखवायचा प्रकल्प काढला, आणि त्यातून पुढे व्हीएलसी आला. २००१ मध्ये कॉलेजने तो सगळ्या जगासाठी खुला करायला परवानगी दिली. रस्त्यावर खोदकामाजवळ ठेवतात तो नारिंगी शंकू त्याचं चिन्ह का, तर त्या पोरांनी रात्री फिरून असे शंकू गोळा करून आणले होते. झॉं-बाप्तिस्त केम्फ हा त्याचा मुख्य कारभारी. व्हीएलसीमध्ये जाहिराती घालण्यासाठी त्याच्यापुढे कोट्यवधी युरोंचे प्रस्ताव आले आणि त्याने ते नाकारले, हे त्याने स्वतः सांगितलंय. मग काय सुटतं? संस्था देणग्यांवर चालते, आणि ह्या मंडळींतले काही जण कंपन्यांना व्हिडिओचं किचकट तांत्रिक काम करून देतात, त्यावर त्यांची घरं चालतात. मामांना हे ऐकून पटलं, पण कोट्यवधी युरो नाकारल्याचं नाही पटलं. “काहीतरी असेल,” म्हणाले.

ह्याच व्हीएलसीची वेबसाइट २०२२ मध्ये काही महिने भारतात उघडतच नव्हती. सरकारी आदेशाने बंद होती, कारण कुणी धड सांगितलं नाही, आणि कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात ती पुन्हा सुरू झाली. त्या काळात लोकांनी व्हीएलसी वापरणं थांबवलं का? छे. मूळ दार बंद झाल्यावर लोक मागच्या गल्लीतून जातात, तसे भलत्याच साइटवरून उतरवायला लागले. खरा धोका तिथे आहे. गूगलवर सॉफ्टवेअरचं नाव टाकून ‘डाउनलोड’ लिहिलं की वरच्या एक-दोन ओळी बऱ्याचदा जाहिरातींच्या असतात, आणि त्यांतून मिळणारी फाइल नावाने व्हीएलसीच असते, फक्त तिच्याबरोबर वऱ्हाड येतं. ब्राउझरचं पहिलं पान बदलतं, कोपऱ्यात कुठलासा ‘पीसी डॉक्टर’ उगवतो आणि रोज आठशे चुका सापडल्या म्हणून ओरडतो. २०१५ मध्ये तर सोर्सफोर्ज ह्या सॉफ्टवेअर उतरवून घ्यायच्या नामांकित साइटवरच गिंपच्या विंडोज आवृत्तीला जाहिरातींचं वेष्टण लावलं गेलं होतं. गिंपवाल्यांनी जाहीर निषेध केला, पुढच्या वर्षी सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्यांनी तो धंदा बंद केला. म्हणून मी हल्ली नुसतं नाव सांगत नाही, वेबसाइटचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवते आणि वर लिहिते, ह्याच्यावरच बोट ठेव, गूगल करू नकोस.

उत्तर एकदा मिळालं म्हणजे ते कायमचं, असंही नाही. कॉम्प्युटरमधला कचरा काढणारा सीक्लीनर आठवतो? एके काळी प्रत्येक ओळखीच्या कॉम्प्युटरवर मी तो टाकत असे. २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच कुणीतरी विषारी कोड घुसवला आणि ती २२ लाखांहून जास्त कॉम्प्युटरांवर पोचली, तीही नेहमीच्याच दारातून. आता विंडोजमध्येच कचरा काढायची सोय आहे, तेवढी पुरते. कॉम्प्युटर ‘साफ’ करून देणारं काहीही मी आता सुचवत नाही. ऑडॅसिटीचं प्रकरण जरा वेगळं. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेला हा आवाज कापायचा-जोडायचा प्रोग्रॅम, गणपती मंडळाच्या निवेदनापासून पॉडकास्टपर्यंत सगळीकडे चालतो. २०२१ मध्ये म्यूझ ग्रुप नावाच्या कंपनीने तो घेतला आणि वापराची माहिती गोळा करायचा घाट घातला. वापरणाऱ्यांनी एवढा गिल्ला केला की मूळ बेत मागे घ्यावा लागला. मी अजून तो सुचवते, पण पूर्वीसारखा डोळे मिटून नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला पीडीएफची वाटते. आपलं सगळं सरकारी आयुष्य आता पीडीएफमध्ये आहे: आधार, पॅन, सातबारा, पासबुकाचं पहिलं पान, जातीचा दाखला, भाडेकरार. पोर्टल म्हणतं, सगळं एका फाइलीत जोडा आणि दोन एमबीच्या आत बसवा. मग माणूस काय करतो? ‘पीडीएफ जोडा’ म्हणून शोधतो, समोर येईल त्या साइटवर आपला अख्खा कुंडलीसंग्रह चढवतो. आधारच्या फाइलीला पासवर्ड असतो, तर तो काढून देणाऱ्या साइटला पासवर्डही सांगतो. काही साइट सचोटीने फाइल पुसून टाकतातही, पण कुठली पुसते आणि कुठली ठेवते हे बाहेरून कळायला मार्ग नाही. आमच्या सोसायटीच्या चिटणीस काकू सभासदांची सगळी कागदपत्रं अशीच कुठेतरी चढवून जोडून आणायच्या. त्यांच्याकडे मी बर्लिनच्या पीडीएफ२४ वाल्यांचा डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम टाकून दिला. त्यात जोडणं, तोडणं, पानं फिरवणं, फाइल लहान करणं, पासवर्ड ठाऊक असेल तर काढणं, सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर होतं, फाइल घराबाहेर पडत नाही. खात्री पटावी म्हणून मी मुद्दाम वायफायचा राउटर बंद केला आणि म्हटलं, “आता जोडा.” जोडलं गेलं. काकू म्हणाल्या, “अगो बाई, म्हणजे इतके दिवस माझं सगळं बाहेर जाऊन येत होतं?” हो काकू. गेलं होतं. परत आलं की नाही ते माहीत नाही.

नुसतं वाचायला म्हणाल तर सुमात्रा पीडीएफ. पाचशे पानांचं गॅझेटियर ते झटकन उघडतं, खाली काही विकायला उभं राहत नाही, आणि पुढच्या वेळी बरोबर सोडल्या पानावर नेऊन ठेवतं.

ऑफिसच्या बाबतीत मात्र मी प्रचारकासारखं बोलणं सोडलंय. मामांचा तो क्रॅकवाला एक्सेल एके दिवशी लाल पट्टी दाखवून अडून बसला आणि उधारीची वही त्याच्यात होती, म्हणून लिबरऑफिस हे फुकटचं ऑफिस टाकावं लागलं. त्याचा इतिहास मामांना आवडला. मूळ एका जर्मन पोराने सुरू केलेली कंपनी, ती १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली. आपल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी ऑफिसची लायसन्स घेण्यापेक्षा कंपनीच विकत घेणं स्वस्त पडलं, असं सनमधलेच लोक पुढे सांगत. सनला ओरॅकलने गिळलं तेव्हा काम करणारी मंडळी २०१० मध्ये वेगळी झाली आणि बर्लिनमध्ये आपली संस्था काढून बसली. जर्मनीतलं श्लेसविग-होल्स्टाइन राज्य आपले ३०,००० सरकारी कॉम्प्युटर लिबरऑफिसवर नेतंय. “म्हणजे सरकारी ऑर्डर आहे,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या नजरेत इर्फानपेक्षा लिबरऑफिसचा भाव एकदम वर गेला. संस्थेला देणग्या मिळतात आणि आजूबाजूच्या कंपन्या मोठ्या ग्राहकांना मदतीचे पैसे लावतात. हा हिशेब त्यांना अगदी आपला वाटला: पंप स्वस्तात द्यायचा, सर्व्हिसिंगवर कमवायचं.

पण सवय मोडणं सोपं नसतं. आठवडाभर रोज फोन. बेरजेचं ते चिन्ह कुठं गेलं, रुपयाचं चिन्ह का येत नाही, सीएला फाइल पाठवली तर उघडत नाही म्हणतो. शेवटचं महत्त्वाचं, आणि ते एकदाच करायचं असतं: टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे लोड-सेव्ह, आणि ‘नेहमी ह्या प्रकारात सेव्ह करा’ ह्या ठिकाणी एक्सेल निवडून ठेवायचं. वरच्या बटणांची मांडणी सवयीच्या ऑफिससारखी टॅबची करून घेता येते, व्ह्यूमध्ये जाऊन. एवढं केलं की निम्मे फोन थांबतात. उरलेले निम्मे थांबत नाहीत. तक्त्यांनी भरलेली सरकारी नमुन्याची वर्ड फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की एखादी रेघ खाली सरकते, एखादा रकाना पुढच्या पानावर जातो, आणि साहेबाला तेच आधी दिसतं. ज्याला रोज असल्या फाइली इकडून तिकडे करायच्या आहेत त्याने सरळ पैसे देऊन ऑफिस घ्यावं, असं मी आता स्पष्ट सांगते.

तसंच पत्रिका छापणाऱ्यांचं. आमच्या कोपऱ्यावरचा डीटीपीवाला वीस वर्षं कोरल ह्या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर बसलाय, श्रीलिपी ह्या मराठी फॉण्टांच्या सॉफ्टवेअरचं डाँगल, म्हणजे लायसन्सची चावी, कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावून. त्याच्याकडे गावातल्या प्रत्येक घराच्या लग्नाची, मुंजीची, दहाव्याची फाइल आहे. त्याला कोरलऐवजी फुकटचं इंकस्केप घे म्हणणं म्हणजे आगाऊपणा. त्या फाइली इंकस्केपमध्ये धड उघडणार नाहीत, जुन्या फॉण्टातला मजकूर भलताच दिसेल, आणि छापखान्याला लागणाऱ्या चार रंगांच्या हिशेबात ते अजून कच्चं आहे. त्याच्या बारावीतल्या मुलीला मात्र मी इंकस्केप आणि ‘एक टाइप’ ह्या मंडळींचा मुक्ता फॉण्ट दिला. तिच्याकडे जुनी फाइल एकही नाही, त्यामुळे तिचं काही अडत नाही. बाप मागून बघतो आणि म्हणतो, “जोडाक्षरं बरी येतात की ह्यात.”

बाकी बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. कॉम्प्युटरवर ठेवलेली फाइल सापडत नाही ही ज्यांची रोजची रड, त्यांना एव्हरीथिंग. नावाची तीन अक्षरं टाइप करेपर्यंत सगळ्या ड्राइव्हमधून फाइल समोर, आणि नाव मराठीत ठेवलं असेल तरी. फाइली आवळून एकत्र बांधणाऱ्या विनरारच्या चाळीस दिवसांच्या मुदतीची चौकट वर्षानुवर्षं बंद करत बसलेल्यांना इगोर पाव्हलोव्हचं सेव्हन-झिप. फोटो मोबाइलवरून कॉम्प्युटरवर आणायला स्वतःलाच व्हॉट्सॲप करणाऱ्यांना लोकलसेंड, एकाच वायफायवर असलं की फोटो मूळ आकारात थेट जातो, इंटरनेट लागत नाही. आणि फायरफॉक्स ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, सगळ्यांना, न विचारता. ते टाकल्यावर मामेबहिणीला त्या चार हिरव्या बटणांपैकी एकही दिसलं नाही. हे लिहिणारा रेमंड हिल कुणाकडून देणगीसुद्धा घेत नाही. मामांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. फायरफॉक्सचं तरी कुठे सांगितलंय? त्यांचं उत्पन्न मुख्यतः गूगलकडून येतं, शोधायची पेटी गूगलची ठेवण्याबद्दल. म्हणजे जाहिराती अडवायला मी जे दार वापरते त्याचं भाडं जाहिरातवालाच भरतो. हे कसं समजावून सांगणार, मला स्वतःलाच ते नीट पचलेलं नाही.

मामांचा स्वभाव असा, की कुणाचं ठेवून घ्यायचं नाही. इर्फानला पाचशे रुपये पाठव माझ्याकडून, म्हणून मागे लागले. यूपीआय चालत नाही म्हटल्यावर त्यांना धक्काच बसला. चहाच्या टपरीवर चालतं आणि परदेशात चालत नाही? कार्डाने द्यावं तर त्यावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यायला हवेत, आणि त्यासाठी बँकेच्या ॲपशी झगडायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी म्हणाले, “मग त्याच्या नावावर मांडून ठेव.” लिबरऑफिसमधल्या त्या उधारीच्या वहीत, देणे बाजूला, खतवाल्या कंपन्यांच्या खाली त्यांनी खरोखर ‘इर्फान, फोटोवाला’ असं लिहून ठेवलंय.

गेल्या दिवाळीनंतर आईच्या गावच्या वाचनालयातून बोलावणं आलं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरांवर विंडोज ११ बसत नाही. त्याला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते. नवीन घ्यायला अनुदान यायला हवं, आणि अनुदान कधी येईल हे वाचनालयवाल्यांना विचारू नये. मी म्हटलं, विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट टाकते. ग्रंथपाल काकांना नावाशी घेणंदेणं नव्हतं. त्यांच्या अटी अशा: प्रिंटर चालला पाहिजे, मराठी कीबोर्डच्या इन्स्क्रिप्ट मांडणीतच टाइप करणार, आणि सभासदांची यादी उघडली पाहिजे. काय सुटतं हे त्यांनी विचारलं नाही, तरी मीच दाखवलं. मिंटवाले दर महिन्याला देणगीदारांची नावं आपल्या साइटवर छापतात, कुणी किती दिले त्यासकट. काकांनी चष्मा वर करून ती यादी खालपर्यंत वाचली आणि एवढंच म्हणाले, “आपल्याकडे संगमरवरावर कोरतात, हे तेवढं खर्चिक नाही.”

प्रिंटर आपणहून ओळखला गेला. जुना स्कॅनर, जो नव्या विंडोजवर ड्रायव्हर नाही म्हणून वर्षानुवर्षं फडताळावर पडून होता, तोही चालू झाला, तेव्हा शिपायाने दुसऱ्या खोलीतून लोकांना बोलावून आणलं. सभासदांची यादी मात्र जुन्या फॉण्टातली निघाली, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती युनिकोडमध्ये फिरवण्यात दुपार गेली. सगळे अर्धे र आणि रफार चुकीच्या जागी बसले होते, ते हाताने नीट करत गेलो. काका नाव वाचणार, मी दुरुस्त करणार. नावागणिक त्या घराची हकिगत. कोण वारलं, कोणाचा मुलगा दुबईला गेला, कोणी पुस्तक नेलंय ते १९९८ पासून परत केलेलं नाही.

संध्याकाळी सगळं आवरून मी पिशवी उचलली तेव्हा काका स्क्रीनसमोर काहीतरी शोधत होते. मेनू उघडत होते, बंद करत होते. काही राहिलं का विचारलं. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, “ते पत्त्यांचं कुठं असतं हो ह्यात?”

मिंटमध्ये ते आधीपासून नसतं. आइलरायट नावाचा प्रोग्रॅम टाकून दिला. त्यात पत्त्यांचे ऐंशीच्या वर खेळ आहेत असं सांगितलं, तर म्हणाले, एकच पुरे, तो आधीचा. क्लोंडाइक लावून दिला. त्यांनी माऊस हातात घेतला, काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी ठेवली आणि मला म्हणाले, “तुम्ही निघा आता, साडेसहाची एसटी चुकेल.”